उत्तरासाठी सोडलेली जागा

मोबाइलवर काही बघत असताना मध्येच चित्र मऊ पडतं. चेहऱ्याच्या कडा विरघळतात, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत नाही, आवाज मात्र चालू राहतो. थोड्या वेळाने सगळं आपोआप लख्ख होतं. नेट कमी झालं असेल म्हणून लोक सोडून देतात. मला ते जमत नाही. चित्र मऊ पडलं की मला त्र्यंबक राव आठवतात, आणि पाठोपाठ एक अपराधी भावना येते. खरं तर तिची आता मला सवय व्हायला हवी होती.

चेन्नईत गिंडीला आमचं ऑफिस होतं. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. तिथे त्यांना सगळे तमिळ ढंगात 'राव सार' म्हणत, म्हणजे राव सर. किरकोळ बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक उभी रेघ. टेबलापाशी बसण्याआधी चपला काढून खुर्चीखाली सरकवायचे. कानांवर हेडफोन असायचे, पण बऱ्याचदा त्यांत काहीच वाजत नसायचं. "हें असलें की लोक उगीच बोलत नाहींत," असं त्यांनी मला सांगितलं होतं. पुढे कळलं की कुणी उगीच बोलावं याचीच ते वाट बघत असायचे. फक्त ते बोलणं त्यांना हव्या त्या भाषेत हवं होतं.

आमची पहिली गाठ जिन्यात पडली. मी नवीन होतो. आईचा साताऱ्याहून फोन आला होता आणि मी नेहमीसारखा "बरं, ठेवतो आता, काम आहे" म्हणून मोकळा झालो होतो. मागून आवाज आला, "आईशीं बोललांत कां? इतक्यांत ठेविलांत?"

मी वळून इंग्रजीत "सॉरी?" म्हणालो. खोटं कशाला सांगू, ते मराठी आहे हे मला कळलंच नव्हतं. सूर तमिळ, शब्द कुठल्यातरी जुन्या बखरीतले.

"आम्ही तंजावूरचे," ते म्हणाले. "राजांसवें आलों, परत जायला विसरलों."

हा त्यांचा ठरलेला विनोद होता. नव्या मराठी माणसाला तो ऐकवायचे आणि हसण्याची वाट बघायचे. मी हसलो, पण जरा उशिरा.

रावांचा हिशोब तमिळमध्ये चाले, ऑफिस इंग्रजीत, आणि भूक लागली की मराठी सुरू. जेवणाच्या डब्याचं झाकण उघडताना ते आत काय आहे ते मला मराठीत सांगत. उडदाच्या पिठाची, दह्यात कालवलेली डांगर पचडी त्यांच्या डब्यात फार वेळा असे. अर्धी माझ्याकडे सरकवून ते विचारायचे, "तुमच्याकडे हें करितात कां?" मी नाही म्हटलं की त्यांना वाईट वाटे, हो म्हटलं की कसं करतात ते सविस्तर सांगावं लागे. म्हणून मी बहुतेक वेळा नाही म्हणायचो.

बायकोबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. मी यायच्या आधीच ती गेली होती, मूलबाळ नव्हतं. डबा धुता धुता म्हणाले, "कमळा होती तोंपर्यंत घरांत भांडण मराठींत होत असे. आतां भांडण नाहीं, मराठीही नाहीं." आणि नळ बंद केला.

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय राव कळायचे नाहीत. एकच व्हिडिओ आमच्याकडे तीन प्रतींत यायचा: मोठी, मधली आणि लहान. बघणाऱ्याचं नेट चांगलं असेल तर त्याला मोठी प्रत दिसते, नेट मंदावलं की मधली किंवा लहान. हा बदल चालू व्हिडिओतच, त्याला नकळत व्हायचा असतो. म्हणून तिन्ही प्रतींचे छोटे छोटे तुकडे करायचे आणि तिन्हींचे काप एकाच जागी घालायचे. पण व्हिडिओ हवा तिथे कापता येत नाही. त्यात दर थोड्या वेळाने एक संपूर्ण चित्र असतं. त्यानंतरच्या चित्रांत फक्त आधीपेक्षा काय बदललं तेवढंच साठवलेलं असतं. तुकडा त्या संपूर्ण चित्रापासूनच सुरू व्हावा लागतो. त्या संपूर्ण चित्राला राव खांब म्हणत.

"खांब पाहून काप घाला," ते सांगत. "मध्यें कापलों तर छप्पर पडतें."

तीन प्रतींतले खांब जुळत नसले तर जगात सगळे सोपी वाट धरतात. व्हिडिओ पुन्हा एकदा नव्याने तयार करतात, हवे तिथे खांब घालून. त्यात दर खेपेला चित्रातलं थोडं काही जातं. फार नाही, डोळ्यांना कळेल न कळेल इतकंच. रावांना ते चालत नसे. "शिजलेला भात परत शिजवूं नये," एवढंच त्यांचं म्हणणं. आलेल्या फायलीला हात न लावता जे करता येईल ते करायचं.

ओरगडमच्या एका वाहन कारखान्याने वेल्डिंगच्या सुरक्षिततेचे व्हिडिओ पाठवले होते. त्यातली लहान प्रत कुणीतरी वेगळ्या मशीनवर काढलेली, खांब सगळे सरकलेले. आमच्या मॅनेजर निर्मला मॅडम म्हणाल्या, नव्याने करून टाका, कशाला घोळ. रावांनी कारखान्यातल्या मुरुगनला बोलावून घेतलं. मुरुगन ट्रेनिंगचं काम बघायचा, बोलका माणूस.

"सार, जुनी आणि नव्याने केलेली, दोन्ही प्रती सारख्याच दिसतात की!" तो म्हणाला. "आणि बघणार कोण? वेल्डर. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांपुढे काळी काच. त्याला काय कळतंय?"

"अप्पा मुरुगा," राव तमिळमध्ये म्हणाले, "त्याला तू डोळे कसे वाचवायचे ते शिकवतोयस. आणि वर म्हणतोस त्याला दिसत नाही?"

मुरुगन हसत सुटला. "सरी सार, हरलो," म्हणत त्याने मूळ जागेवरून तिन्ही प्रती पुन्हा काढून आणल्या. निर्मला मॅडम मला म्हणाल्या, "तुमचे राव सार म्हणजे ना, देवळातले भटजी. सोवळ्यात व्हिडिओ कापतात." मीही हसलो. राव ऐकत होते. हेडफोन लावलेले होते, पण ते ऐकत होते.

रोज दुपारी जेवण झालं की पाण्याच्या फिल्टरजवळ उभं राहून ते अक्काला फोन लावत. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कुंभकोणमला एकटी राहायची. तिला ऐकू कमी येई, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि रावांचा आवाज टिपेला. सगळं ऑफिस ऐके, कळे फक्त मला.

"जेवलास कां रे?"

"जेवलों, अक्का."

"काय जेवलास?"

"आंबट भात आणि पचडी."

"तें जेवण कां? मांजर तरी जेवतें कां तसें?"

एकदा रावांनी मला पुढे केलं. "अक्का, हे सावंत. साताऱ्याचे."

पलीकडून आधी "आं?" आलं. मग, "साताऱ्याला अजून लोक आहेत कां? बरें झालें. त्याला सांग, आम्ही निघालों तेव्हां एक पितळेचा तांब्या तिकडेच राहिला. सांपडला तर पाठव म्हणावें."

मी इतका हसलो की निर्मला मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. त्या संध्याकाळी घरी, चेन्नईबाहेरच्या आवडी गावातल्या क्वार्टरमध्ये, मी बायकोला आणि मुलीला अक्काची नक्कल करून दाखवली, मग रावांचीही. माझी बायको तिथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आहे, म्हणून आम्ही आवडीला. दोघीही हसल्या, पुन्हा करून दाखव म्हणाल्या. मग ती आमच्या घरातली गंमतच झाली. पाहुणे आले की मुलगी म्हणायची, "बाबा, ते राव करा ना." स्वतः ती मराठी वाक्य सुरू करते आणि तमिळमध्ये संपवते. पण हसायचं ते रावांना.

मग कुटुंबात लग्न ठरलं. रावांच्या चुलत बहिणीची मुलगी सुधा, तिच्या मुलीचं, टी. नगरच्या एका मंगल कार्यालयात. नवरामुलगाही तंजावूरच्याच मराठी घरातला. ही बातमी सांगताना राव किती खूश होते! अशा लग्नात नलंगू असतो. नवरा-नवरी समोरासमोर बसतात, एकमेकांकडे नारळ घरंगळवतात, आणि बायका चेष्टेची गाणी म्हणतात. मुलीकडची बाई गाण्यात प्रश्न विचारते, मुलाकडच्यांनी गाण्यातच उत्तर द्यायचं. सगळी गंमत उत्तरात असते. राव लहान असताना अक्का ही गाणी म्हणायची आणि मांडव दणाणायचा. आता अक्काचे गुडघे गेले होते, चेन्नईला येणं शक्य नव्हतं. सुधा म्हणाली, "मामा, तुम्ही व्हिडिओ काढून आणा, आपण हॉलमध्ये स्क्रीनवर लावू."

रावांनी मनात आणखी मोठा बेत केला होता. ती गाणी आधीच सगळ्या नातलगांना पाठवायची, कोइमतूर, वेल्लूर, खेड्यापाड्यांत जे कुणी असतील त्यांना. कसलाही फोन असो, कसलंही नेट असो, प्रत्येकाकडे चाललं पाहिजे. लोकांनी घरी ऐकायचं, उत्तरं आठवायची, आणि लग्नात अक्काने स्क्रीनवरून प्रश्न विचारला की समोरून उत्तर यायला हवं.

"कोणी एकानें दिलें तरी पुरे," ते म्हणाले. "एक आवाज आला पाहिजे."

दुसरं काही त्यांना नको होतं. ते कुंभकोणमहून परत आले तेव्हा पिशवीत तीन फोन होते, एक त्यांचा, दोन शेजाऱ्यांकडून मागून आणलेले.

"तीन कशाला?" मी विचारलं.

"एक मोठी प्रत, एक मधली, एक लहान. तिन्ही एकाच वेळीं रेकॉर्ड केलों. परत शिजवायला नको."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं हे काम केलेला माणूस! तीन वेगळे फोन म्हणजे तिघांचे खांब तीन ठिकाणी. शिवाय फोन ठेवले होते तीन खुर्च्यांवर: मोठ्या प्रतीचा अक्कासमोर, मधलीचा बाजूला, लहान प्रतीचा दाराशी. नेट कमी झालं की बघणाऱ्याला अक्का समोरून दिसता दिसता एकदम बाजूने दिसणार.

"राव, हे काय केलंत?"

त्यांनी मान खाली घातली, मग हसले. "तिथें गेल्यावर डोकें चाललें नाहीं. रिकाम्या खोलींत ती गायला तयार नव्हती. कोणासमोर गाऊं, म्हणाली. तीन खुर्च्यांवर तीन फोन ठेविलों, तेव्हां म्हणाली, हां, आतां माणसें आलीं." पुढे म्हणाले, "तिघांनाही कुंकू लाविली."

"फोनला?"

"नलंगूला आलेल्या बायकांना लावितात ना." दाराशी ठेवलेल्या फोनच्या कॅमेऱ्यावरच अक्काचं बोट टेकलं होतं. त्या चित्राच्या एका कोपऱ्यात तांबूस धुकं होतं.

आम्ही दोघांनी मिळून व्हिडिओ पाहिला. अक्का बुटकी, ठसठशीत, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. मांडीवर ताल धरून तिने विचारलं:

विहीणबाई आल्या वो, दुरडींत काय आणिल्या?

आणि ती थांबली. समोर बघत राहिली. उत्तर यायला लागेल तेवढा वेळ तिने थांबून घेतलं आणि मग पुढचा प्रश्न घातला. असं सबंध गाणं, गाण्यामागून गाणं, नुसते प्रश्न. एका जागी तर ती ताल सोडून म्हणाली, "काय रे तिंबक, तोंड शिवलेंस कां?"

"तुम्ही का नाही उत्तर दिलंत?" मी विचारलं.

"बापये देत नाहींत. आणि माझा आवाज आला तर रेकॉर्डिंग बिघडेल, असें वाटलें."

"मग तिनंच का नाही म्हटलं?"

"विचारणारीनें उत्तर देऊं नये. मग तें नलंगू नाहीं, वेडेपण."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मला हळूच सांगितलं: दुरडींत दुरडी वो, तींत वारा आणिल्या! आणि तोंडावर हात धरून हसले.

मी म्हटलं, समोरच्या फोनची प्रत घ्या, तिच्यापासून दोन लहान प्रती करा, एका दुपारचं काम आहे. मूळ फाइल तशीच राहील. ते नाही म्हणाले. "मग बाजूनें दिसते ती अक्का फुकट गेली. दाराशीं दिसते तीही." निर्मला मॅडमनीही थोडं पाहिलं. भल्या मनाने म्हणाल्या, "राव सार, मधल्या रिकाम्या जागा तरी काढून टाका, किती लांबतंय."

"रिकाम्या नाहीत मॅडम," राव म्हणाले. "तिथं लोक बसायचे आहेत."

आणि त्याच जागांनी त्यांना वाट दाखवली. अक्का थांबते तेवढ्या वेळात तिन्ही फोनांचा एकेक तरी खांब पडतोच. मग काप तिथेच घालायचा. तुकडे लहान-मोठे झाले तर होऊ देत. मग नेट कितीही हललं तरी चित्र गाण्याच्या मध्ये बदलणार नाही. प्रश्न संपेल, अक्का थांबेल, आणि त्या शांततेत ती बाजूने दिसू लागेल. त्यांनी सबंध गाणी अशी कापायला घेतली. भात परत न शिजवता.

ते काम अर्ध्यावर असताना अक्का गेली. झोपेतच. राव कुंभकोणमला जाऊन, दिवस करून परत आले, चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या आणि कामाला बसले. दुपारी जेवण झाल्यावर ते उठले आणि फिल्टरजवळ जाऊन उभे राहिले, फोन हातात धरून. कुणाला लावणार होते? सवयीने गेले असतील. माझी पाण्याची बाटली रिकामी होती. मी खालच्या मजल्यावर जाऊन भरून आणली.

मी जायला हवं होतं. "जेवलांत कां" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. मला ते येत होतं. घरी नकलेत मी ते किती वेळा म्हटलं होतं. पण तेच शब्द त्यांच्यासमोर म्हणायचे तर तोंड उघडेना.

व्हिडिओ तयार झाला. रावांनी नातलगांच्या ग्रुपवर लिंक पाठवली. हात जोडल्याची भरपूर चित्रं आली. कुणी लिहिलं 'व्हेरी नाइस', कुणी 'अक्का ग्रेट'. उत्तरं कुणाला येतात असं रावांनी विचारलं, त्यावर कुणी काही लिहिलं नाही. आमच्या यंत्रणेत कोण कुठून बघतं त्याचा तक्ता दिसतो, नावं दिसत नाहीत. पहिल्या काही दिवसांनंतर बघणारे गळत गेले. एक जण मात्र रोज संध्याकाळी बघायचा, आणि मध्येच हटकून घसरून दाराशी असलेल्या फोनवर जायचा.

मला राहवलं नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "राव, तो संध्याकाळचा माणूस, तो मी आहे. गाडीत बघतो."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "अंबत्तूर सोडलें की नेट पडतें. आवडीची गाडी." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "उत्तर देतां कां?"

"मला कुठे येतं?"

"मी सांगतों."

त्या आठवड्यात त्यांनी मला काही उत्तरं शिकवायचा प्रयत्न केला, डबा खाता खाता. मी म्हणायचो ते माझ्या मराठीत व्हायचं. ते मान हलवायचे. "तसें नाहीं. तुम्ही वाचतां. विहिणीला चिडवायचें आहे, सावंत, अर्ज नाहीं द्यायचा." मी म्हटलं घरी सराव करतो. केला नाही. मुलीच्या समोर म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, बाबा नक्कल करतायत.

लग्नानंतर रावांनी नोकरी सोडली आणि ते कुंभकोणमला अक्काच्या घरी राहायला गेले. ऑफिसात आले ते ओळखपत्र परत द्यायला, त्या दिवशी मी रजेवर होतो. नंतर फोनवर बोललो, दोन-तीनदा, सणावाराला. प्रत्येक वेळी फोन आधी मीच ठेवला. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या लग्नात.

टी. नगरचा तो हॉल साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत होता. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडावी लागली. वर सगळं चंदन, फुलं आणि कॉफीच्या वासाने भरलेलं. राव धोतर नेसून स्क्रीनच्या बाजूला उभे होते, लग्नातल्या माणसासारखे नाही, ड्यूटीवर असल्यासारखे. नवरा-नवरी पाटांवर बसली. नारळ घरंगळला. आणि पडद्यावर अक्का आली.

विहीणबाई आल्या वो, दुरडींत काय आणिल्या?

ती थांबली. हॉलमध्ये खुर्च्या सरकत होत्या, मुलं पळत होती, कुणीतरी फोनवर पार्किंगबद्दल ओरडत होतं. उत्तर आलं नाही. तेवढ्यात हॉलचं नेट घसरलं असावं. पडद्यावर अक्का एकदम बाजूने दिसू लागली. पुढे बसलेल्या मुली चेकाळल्या. "ए, पाट्टी तिरुम्बिट्टांग!" आजीने मान वळवली म्हणे. सगळ्यांना ते फार आवडलं. लोक पुढचा प्रश्न ऐकण्यापेक्षा आता आजी पुन्हा कधी वळते याची वाट बघू लागले. ती तांबूस धुक्यात दाराशी दिसली तेव्हा टाळ्या पडल्या. "तोंड शिवलेंस कां" आलं तेव्हा सुधाने माइकवर त्याचं तमिळ केलं, आणि पुन्हा हशा झाला.

राव पडद्याकडे बघत नव्हते. अक्का थांबली की ते लोकांकडे बघत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एकदा त्यांची नजर माझ्यावर थांबली. मला एक उत्तर येत होतं, त्या प्रश्नाचं नव्हे, पण येत होतं. मी नजर खाली घातली. शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा बँडवाल्यांनी पिपाण्या काढून ठेवल्या होत्या.

नवऱ्याची आई वो, सुनेला काय देईल?

अक्का थांबली. तिने वेळ दिला, आणि पुढची ओळ सुरू केली. आणि तिची ती ओळ चालू असतानाच, मुलाकडच्या बाजूने, चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याच्या आजीकडून एक फाटका, वर चढलेला आवाज आला. म्हातारी कधीची ओठ हलवत होती म्हणे, तिच्या सुनेने नंतर सांगितलं. पण तिला दम जमवायला वेळ लागायचा. आठवेपर्यंत अक्का पुढे गेलेली असायची.

"...किल्ल्यांचा जुडगा वो, कुलूप ठेवून घेईल!"

अक्काचा प्रश्न आणि तिचं उत्तर एकमेकांवर आदळले, दोन्हींतलं काहीच धड कळलं नाही. पुढच्या मुली पुन्हा हसल्या. पण राव चालू लागले होते. स्क्रीन सांभाळणाऱ्या हॉलच्या तंत्रज्ञाच्या हातातला रिमोट त्यांनी घेतला, काही न विचारता, आणि गाणं मागे नेलं. अक्का पुन्हा पहिल्या ओळीवर आली. प्रश्न संपला आणि रावांनी बटण दाबलं. पडदा थिजला. अक्का बाजूने दिसत होती, ओठ मिटलेले, हात मांडीवर ताल देता देता थांबलेला.

म्हातारीने रावांकडे पाहिलं. रावांनी हात थोडा पुढे केला. तिने श्वास घेतला, खोकली, पुन्हा घेतला, आणि पूर्ण उत्तर दिलं, हात नाचवत, आपल्या सुनेकडे बोट दाखवत. सून लाजून हसली. मग राव पुन्हा बटण दाबत आणि अक्का पुढचा प्रश्न विचारे. प्रश्न संपला की बटण. असं त्या दोघी सबंध गाणं बोलत राहिल्या.

पंगत बसली होती, मला आत बोलवत होते. दारातून वळून पाहिलं तेव्हा हॉल निम्मा रिकामा झाला होता. केळीच्या पानांची लगबग सुरू होती. पडद्यावर अक्का थांबलेली होती, म्हातारी पदराने तोंड पुसत होती, आणि त्यांच्या मध्ये राव, पाठमोरे, एक हात थोडा पुढे करून. म्हातारीला काहीतरी आठवत नव्हतं. त्यांना घाई नव्हती.